टीएमटी, बसवाली नाही हार्टवाली: जाण्याआधी काय करायचं आणि तिथे काय होतं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर टीएमटी (ठाण्याची बस नव्हे, ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासणं) लिहिली की लोक सेंटरला फोन करून दोनच प्रश्न विचारतात, उपाशी यायचं का आणि किती वेळ पळायला लागेल. दोन्हीची उत्तरं खाली देते, पण जो प्रश्न खरा विचारायला पाहिजे तो कोणीच विचारत नाही, की माझ्या चालू गोळ्यांचं काय करू. मी बरीच वर्षं ठाण्यात टीएमटीच्या मशीनजवळ उभी असते, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे अमुक गोळी बंद करा असं मी सांगणार नाही, पण तुम्ही दारातून आत आल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत काय काय होतं ते सगळं सांगते.

आधी ही टेस्ट करतातच कशाला ते. हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत चांगला 70 टक्के ब्लॉकेज असला तरी बसल्या जागी काढलेला ईसीजी एकदम नॉर्मल येऊ शकतो, कारण आरामात असताना हृदयाला रक्त लागतंच कमी. पहाटे तीनला घोडबंदर रोडची एक लेन बंद असली तर कोणाला कळत पण नाही, तीच सकाळी नऊला बंद असली की मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत हॉर्न ऐका. तर ती सकाळची नऊची वेळ मुद्दाम आणायची, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाचे ठोके वाढवायचे, आणि त्या वेळी ईसीजी, बीपी आणि माणूस स्वतः काय सांगतो ते बघायचं. यातलं तिसरं जे आहे ना, माणूस काय सांगतो, ते मशीनला कळत नाही. ते तुम्हीच बोलायचं असतं आणि लोक नेमकं तिथेच गप्प बसतात, त्यावर पुढे येते.

एक गोष्ट मात्र आधीच. आत्ता या क्षणी छातीत दुखतंय, बसल्या बसल्या दुखतंय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून आलाय, तर टीएमटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा किंवा 108 ला फोन करा. टीएमटी ही स्थिर असलेल्या माणसाची टेस्ट आहे. ताजा हार्ट अटॅक, बसल्या जागी वाढत जाणारं दुखणं, महाधमनीची झडप खूप अरुंद झालेली आणि त्याचा त्रास होतोय, असं काही असेल तर पट्ट्यावर चढवतच नाहीत. ताप किंवा जोरात खोकला असेल तरी फोन करून तारीख पुढे ढकला, कोणी रागवत नाही.

आता गोळ्या. बीपीच्या किंवा हार्टच्या ज्या गोळ्या ठोके कमी ठेवतात, मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही नेहमीची नावं, डिल्टियाझेम वेरापामिल पण त्यातच धरा, त्या घेऊन आलात तर तुम्ही कितीही चाला ठोके वर जातच नाहीत आणि मग टेस्ट अर्धवट, रिपोर्टवर इनकन्क्लुसिव्ह, म्हणजे काहीच नक्की सांगता येत नाही, असं लिहून येतं, पैसे गेले ते गेलेच. म्हणून काही डॉक्टर या गोळ्या एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. पण ज्यांना आधीच हार्टचा त्रास आहे आणि औषधं नीट लागू पडतायत का हेच बघायचंय, त्यांना गोळी चालू ठेवूनच यायला सांगतात, आणि बीटा ब्लॉकर, म्हणजे वरच्यातली मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, एकदम मनाने बंद केली तर ठोके आणि बीपी उसळू शकतं, छातीत दुखायला पण लागू शकतं. म्हणजे एकाला बंद आणि दुसऱ्याला चालू, म्हणून शेजारच्या काकांना काय सांगितलं होतं ते ऐकू नका, ज्यांनी टेस्ट लिहिली त्यांनाच फोन करा, गोळ्यांचा फोटो पाठवा आणि स्पष्ट विचारा की टेस्टच्या दिवशी सकाळी यातली कुठली घेऊ. डायबिटीसवाल्यांनी इन्सुलिन आणि शुगरच्या गोळीचं पण विचारायचं, कारण औषध घेतलं, खाल्लं कमी आणि वर चाललात, तर शुगर खाली येऊन चक्कर यायची. दमा असेल तर पंप खिशात ठेवून या.

आणि एक गोष्ट जी पुरुष मंडळी बायकोसमोर सांगत नाहीत. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या सेक्सच्या ताकदीसाठी घेतात त्या गोळ्यांतलं काही आदल्या एक-दोन दिवसांत घेतलं असेल तर डॉक्टरांना किंवा मला हळूच सांगा. टेस्टमध्ये छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी द्यायची वेळ येऊ शकते आणि या दोन औषधांची गाठ पडली तर बीपी धाडकन खाली येतं. आम्ही रोज हेच काम करतो, आम्हाला काही वाटत नाही, नातेवाईकांना बाहेर बसवूनच विचारतो.

खाण्याचं सोपं आहे. कडक उपाशी नको आणि भरपेटही नको, दोन-तीन तास आधी हलकं काहीतरी, पोहे उपमा इडली टोस्ट, आणि पाणी प्या. चहा कॉफी सिगारेट तंबाखू किमान तीन तास आधीपासून बंद, तुमच्या सेंटरने जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. हो, तंबाखू पण, गालात धरलेली चालत नाही. गोंधळ होतो तो कंपनीच्या पॅकेजवाल्यांचा. ऐरोली महापे साइडच्या ऑफिसांतली मुलं वार्षिक चेकअपचं कूपन घेऊन येतात, त्यात फास्टिंग शुगर, लिपिड, सोनोग्राफी, जेवणानंतरची शुगर आणि टीएमटी सगळं एकाच दिवशी. मग रात्रीपासून उपाशी असलेला मुलगा नंबर रिकामा दिसला म्हणून आधी टीएमटीला घुसतो आणि सहाव्या मिनिटाला पांढराफटक. क्रम असा ठेवा, आधी रक्त आणि सोनोग्राफी, मग नाश्ता, दोन तासांनी दुसरं रक्त, आणि त्यानंतर टीएमटी. नाश्त्याचं कूपन आहे म्हणून मिसळ आणि वर दोन बटाटेवडे असं मात्र करू नका.

कपडे आणि बूट यावर मी जरा जास्त बोलते कारण रोजची डोकेदुखी तीच आहे. चालायचे बूट आणा, स्पोर्ट्स शूजच हवेत असं नाही पण मागून बंद असलेले हवेत, चप्पल सँडलवर आम्ही पट्टा चालू करत नाही. पावसाळ्यात स्टेशनवरून येईपर्यंत बूट भिजतात, तर कोरडे बूट मोजे पिशवीत घेऊन या आणि इथे आल्यावर बदला. बायकांनी साडी टाळा, सलवार किंवा ट्रॅक पँट आणि वर पुढून उघडणारा सैल शर्ट किंवा कुर्ता, बऱ्याच ठिकाणी गाऊन देतात पण तो आपल्या मापाचा निघेल याची गॅरंटी नाही. छातीवर इलेक्ट्रोड लावायला कपडे काढायला लागतात, ब्रा ठेवायची की नाही हे जागोजागी वेगळं, फोन करतानाच विचारून घ्या आणि लेडी टेक्निशियन हवी असेल तर तेव्हाच सांगा. मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. गळ्यातलं, मंगळसूत्र, चेन, काढायला किंवा मागे सरकवायला लागतं, म्हणून जड दागिने घरीच ठेवा.

अंगाला त्या दिवशी काहीच लावू नका. खोबरेल, पावडर, मॉइश्चरायझर, आणि विशेष म्हणजे बाम. सर्दी झाली म्हणून रात्री छातीला बाम चोळलेला असतो आणि सकाळी इलेक्ट्रोड एकेक करून गळून पडतात, मग ईसीजीवर नुसत्या रेघोट्या. पुरुषांच्या छातीवर केस असतील तर जिथे इलेक्ट्रोड लागतात तेवढ्या जागा आम्ही रेझरने साफ करतो, घरून करून यायची गरज नाही, घाईत कापून घेता आणि मग स्पिरिट लावलं की ओरडता.

निघताना वेळ हातात ठेवून निघा. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून उतरून ठाणे स्टेशनचा पूल चढून धापा टाकत आत आलात तर सुरुवातीचे ठोकेच 110 असतात, पंधरा-वीस मिनिटं शांत बसायला लागतं. जुने ईसीजी, इकोचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची यादी बरोबर हवी. शक्यतो कोणीतरी सोबत या. बुकिंग करताना अजून एक विचारा, टेस्टच्या वेळी डॉक्टर तिथे हजर असतात का आणि खोलीत शॉक द्यायचं मशीन आहे का. हे विचारलेलं आवडत नसेल तर दुसरीकडे जा, ठाण्यात आणि नवी मुंबईत सेंटरांची कमी नाही.

आत आल्यावर

आधी एका फॉर्मवर सही घेतात, संमतीपत्र. त्यात हार्ट अटॅक, मृत्यू असले शब्द असतात आणि वाचून बऱ्याच जणांचं तिथेच बीपी वाढतं. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये या टेस्टमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण 10,000 टेस्टमध्ये 1 असं धरतात, म्हणजे धोका अगदी शून्य नाही म्हणून सही घेतात, आणि फार कमी आहे म्हणून टेस्ट करतात. मग छातीवर सहा आणि खांद्याजवळ, कमरेजवळ चार असे 10 इलेक्ट्रोड. नेहमीच्या ईसीजीला हातापायाला चिमटे लावतात तसं इथे चालत नाही कारण हातपाय हलणार. त्वचा स्पिरिटने पुसून जरा घासतो, थोडं चुरचुरतं, तेवढंच. करंट वगैरे आत सोडत नाहीत, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतंच. झोपून आणि उभं राहून ईसीजी आणि बीपी घेतात. बीपी तेव्हाच 200 च्या वर किंवा खालचं 110 च्या वर असेल तर सहसा त्या दिवशी टेस्ट करत नाहीत. ईसीजीत आधीच काही गोष्टी असतील, लेफ्ट बंडल ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेत अडथळा) किंवा पेसमेकरचे ठोके, तरी ही साधी टीएमटी वाचताच येत नाही, मग डॉक्टर स्ट्रेस इको, थॅलियम किंवा सीटी अँजिओ असं दुसरं काही सुचवतात. गुडघे खूप दुखतात, चालणंच होत नाही, त्यांचं पण तेच, औषध देऊन ठोके वाढवायची टेस्ट असते. गुडघ्याचं आधीच सांगा, पट्ट्यावर चढून नको.

पट्ट्यावर

बहुतेक ठिकाणी रिपोर्टच्या वरती ब्रूस प्रोटोकॉल असं छापलेलं दिसेल. रॉबर्ट ब्रूस नावाचे सिएटलचे हार्टचे डॉक्टर होते, त्यांनी 1963 मध्ये ही पद्धत मांडली आणि अजून तीच चालते. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, दुसरा 4 किलोमीटर आणि 12 टक्के, तिसरा साडेपाच किलोमीटर आणि 14 टक्के, चौथा 6.8 आणि 16 टक्के. म्हणजे पळायचं नसतंच मुळी, चढावर चालायचं असतं, आणि पहिल्या टप्प्यात लोक हसत असतात की हे काय एवढंच, तिसरा लागला की बोलणं बंद. वेग नाही दमवत, चढ दमवतो. तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याभोवती, रोज पाच फेऱ्या मारणारे पण दमतात कारण ती सपाट आहे. येऊरच्या डोंगरावर चालत जाणाऱ्यांना सवय असते, ते लगेच ओळखू येतात. वयस्कर किंवा अशक्त माणसासाठी मॉडिफाइड ब्रूस असतं, त्यात सुरुवात सपाटवरून होते, तर काळजी नको.

पट्ट्यावर पहिलं पाऊल टाकताना घाबरायला होतं, सगळ्यांनाच. पुढचा दांडा हलका धरा, समोर बघा, पायाकडे बघू नका, पाऊल थोडं लांब टाका. दांड्याला लोंबकळायचं नाही, वजन हातांवर गेलं की मेहनत कमी होते, मशीनला वाटतं तुम्ही खूप चाललात आणि रिपोर्टमधली क्षमता खोटी वाढते. फोन बाहेर. व्हिडिओ काढायला मुलगा आत येतो, तो पण बाहेर.

किती वेळ? चालणं साधारण सहा ते बारा मिनिटं, पण तयारी आणि नंतरचा आराम धरून पाऊण तास ठेवा. टार्गेट ठोके काढायचा हिशोब असा, 220 वजा वय, आणि त्याचे 85 टक्के. वय 52 असेल तर 168, त्याचे 85 टक्के म्हणजे 143 च्या आसपास. 65 असेल तर 132. हा आकडा गाठला म्हणून लगेच थांबवतात असं नाही, आणि तुम्हाला झेपत असेल तर पुढे पण नेतात. मध्ये मध्ये दंडावरचा पट्टा फुगतो, वरचं बीपी 170-180 झालेलं ऐकून दचकू नका, चालताना वरचं बीपी वाढायलाच पाहिजे, उलट चालताना ते खाली यायला लागलं तर आम्ही सावध होतो.

आता ते गप्प बसण्याचं. माझ्या मते टीएमटीत सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. लोकांना ही परीक्षा वाटते, नापास होऊ नये म्हणून दात ओठ खाऊन चालतात, विशेषतः काका लोक. छातीत दाबल्यासारखं झालं तर म्हणतात गॅस आहे, सकाळपासून अ‍ॅसिडिटी आहे, चालू दे मॅडम. अहो काका, गॅस आहे की अजून काय ते डॉक्टर ठरवतील ना, तुम्ही फक्त सांगा की कधी सुरू झालं, कुठे, किती. छातीत जडपणा, जबडा, घसा, डावा हात, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखणं, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, नेहमीपेक्षा जास्त धाप, पायात गोळे, काहीही. बायकांमध्ये कधी कधी नुसतीच धाप किंवा मळमळ असते आणि त्या म्हणतात वजन वाढलंय म्हणून होतंय. तेही सांगायचं. तुम्ही बोललात त्या मिनिटाची नोंद आम्ही करतो आणि डॉक्टर ती ईसीजीच्या पट्टीशी जुळवून बघतात, दुखणं चौथ्या मिनिटाला आलं की दहाव्या, याने पुढचं सगळं बदलतं. थांबवा म्हटलं की थांबवतात, तो तुमचा हक्क आहे. पण नुसता कंटाळा आला म्हणून तिसऱ्या मिनिटाला थांबवलं तर टेस्ट परत करायला लागेल एवढं लक्षात ठेवा, खरं दमणं आणि नको वाटणं यातला फरक तुम्हालाच माहिती.

थांबल्यावर पट्ट्यावरून उडी मारून उतरू नका. पट्टा हळू होत होत थांबतो, कधी लगेच बेडवर झोपवतात, आणि मग सहा-आठ मिनिटं ईसीजी बीपी चालूच राहतं. खूप जणांना वाटतं संपलं, वायर ओढायला लागतात, पण काही बदल नेमके या आरामाच्या वेळातच दिसतात. ठोके पहिल्या मिनिटात किती उतरले तेही बघतात, 12 पेक्षा जास्त उतरले तर चांगलं. घाम पुसायला छोटा टॉवेल आणा, एसीची खोली असते आणि ओल्या अंगाने सर्दी होते. नंतर लगेच गरम पाण्याची आंघोळ नको, तासभर थांबा. चहा आता प्यायला हरकत नाही.

रिपोर्ट

रिपोर्टवर नेगेटिव्ह लिहिलं असेल तर ते चांगलं, पॉझिटिव्ह असेल तर पुढे तपासायला हवं, हे उलटं वाटतं म्हणून काही घरांत पॉझिटिव्ह वाचून पेढे आणायचे बाकी राहतात. ईसीजीतली एसटी नावाची रेघ 1 मिलिमीटर किंवा जास्त खाली गेली आणि सपाट किंवा उतरती राहिली तर पॉझिटिव्ह धरतात. मेट्स नावाचा एक आकडा असतो, तो तुमची चालायची क्षमता. बसून राहणं 1 मेट, ब्रूसचा पहिला टप्पा पूर्ण म्हणजे साधारण 5, दुसरा 7, तिसरा 10. तिसरा टप्पा पूर्ण करून काहीही त्रास नाही आणि ईसीजी पण ठीक, तर डॉक्टरांचा चेहरा सैल पडलेला तुम्हाला दिसेलच.

पण ही टेस्ट काही देवाची वाणी नाही. खूप अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की ज्यांना खरंच मोठा ब्लॉकेज आहे अशा 100 मधल्या साधारण 68 जणांना ही पकडते आणि ज्यांना नाही अशा 100 मधल्या 77 जणांना बरोबर नेगेटिव्ह सांगते. म्हणजे पॉझिटिव्ह आली म्हणून रडत बसायचं नाही, बायकांमध्ये खोटी पॉझिटिव्ह जास्त दिसते, आणि नेगेटिव्ह आली म्हणून सिगारेट परत सुरू करायची नाही. छोटा ब्लॉकेज टीएमटीत दिसत नाही आणि अटॅक कधी कधी त्या छोट्यातूनच येतो, तो फुटतो आणि त्यावर गुठळी होते. नेगेटिव्ह रिपोर्ट घरात असताना पण छातीत दुखलं तर दवाखान्यात जायचंच. माझं स्पष्ट मत, तिशीतल्या धडधाकट, काहीच त्रास नसलेल्या मुलाने पॅकेजमध्ये फुकट आहे म्हणून टीएमटी करण्यात फारसा अर्थ नाही, त्यात खोटी पॉझिटिव्ह निघाली तर पुढे महिनाभर घर हलतं आणि वर सीटी अँजिओचा खर्च. त्यापेक्षा तुमचं वय, शुगर, बीपी, घरातली हिस्ट्री बघून डॉक्टरांनी सांगितली तर करा.

रिपोर्ट मशीनमधून लगेच निघतो पण डॉक्टरांची सही होऊन मिळायला वेळ लागतो, त्याच दिवशी संध्याकाळी की दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर विचारून घ्या. पहिल्या पानावरची एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, डॉक्टरांना आतली ईसीजीची सगळी पानं बघायची असतात, पूर्ण फाइल घेऊन जा. आणि ती पानं गुळगुळीत थर्मल कागदावर असतील तर वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडतात, घरी जातानाच झेरॉक्स काढून घ्या, पुढच्या टीएमटीला आम्ही जुनी मागणारच आहोत.